जरा बाजूला व्हा!

आम्ही तुर्कस्तानला गेलो ते एका रद्दीवाल्यामुळे. (२०२२ पासून त्या देशाला ‘तुर्किये’ म्हणावं अशी तिथल्या सरकारची इच्छा आहे आणि युनोनं ती मान्यही केली आहे. पण ज्या घरात अजून सीएसएमटीला व्हीटी म्हणतात, त्या घराकडून इतक्या लवकर अपेक्षा करू नये.) त्याच्याकडे मला एक जुनं प्रवासी पुस्तक मिळालं. त्यात ‘सुट्टीत पाहायलाच हवीत अशी दहा सुंदर शहरं’ असं एक प्रकरण होतं. दहाव्या शहराचं पान नव्हतं. त्या पानात कोणीतरी शेंगदाणे खाल्ले असणार.

उरलेल्या नऊ शहरांवर आमच्या हिनं तीन महिने अभ्यास केला. मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे अभ्यास दुसऱ्यानं करायचा आणि सही आपण करायची, ही सवय. तेव्हा मी सही केली आणि तीस मराठी माणसं, दोन डबे मेतकूट आणि मोजता येणार नाही इतकी चकली यांच्यासह आम्ही इस्तंबूलला उतरलो.

इस्तंबूल सुंदर आहे, यावर आमच्या ग्रुपात दुमत झालं नाही. एरवी आमच्यात चहात आलं असावं की नसावं यावरूनसुद्धा दोन पक्ष पडतात. बॉस्फरसच्या एका काठावर युरोप, दुसऱ्या काठावर आशिया, मध्ये बोटी आणि पाय टाकावा तिथे मांजर. गलाता पुलाच्या कठड्याशी माणसं गळ टाकून अशी उभी असतात, की मासा हे निमित्त असावं. आया सोफिया ५३७ साली चर्च म्हणून बांधून झालं, १४५३ साली मशीद झालं, १९३४ साली त्याचं संग्रहालय करायचं ठरलं आणि २०२० साली त्याची पुन्हा मशीद झाली. एवढ्या बदल्या तर आमच्या खात्यातही कोणाच्या झाल्या नाहीत. घुमट मात्र जागेवर आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. इथे आपल्याला भाषा येत नाही असं वाटत नाही. दुकानाला ‘दुक्कान’, साबणाला ‘साबून’, हवेला ‘हवा’. हॉटेलात बिल मागायचं तर ‘हेसाप’ म्हणायचं. आमच्या ग्रुपातले एक निवृत्त बँक मॅनेजर हा शब्द ऐकून गहिवरले. परदेशात येऊन हिशेब भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग गोरेमे झालं. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, त्यात कोरलेल्या खोल्या आणि चर्चं, पहाटेच्या आभाळात फुगे. फुग्यात बसायचे पैसे ऐकून मी खालून पाहणं पसंत केलं. खालूनच ते जास्त सुंदर दिसतं असं माझं अजूनही मत आहे. पामुक्काले म्हणजे कापसाचा किल्ला. तिथल्या पांढऱ्या उतारावर चपला काढून चालावं लागतं. आमच्या मंडळींनी त्या इतक्या भक्तिभावानं काढल्या की कोणीतरी नारळ फोडतं की काय अशी मला धास्ती वाटली. एफेससला सेल्ससच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो झाला. ती लायब्ररी मुळात मुलानं बापासाठी बांधलेली समाधी आहे आणि बाप अजून खाली शवपेटीत आहे, हे गाइडनं फोटो झाल्यावर सांगितलं. कोणाला काही वाटलं नाही. एकोणीसशे वर्षं झाली, आता काय वाटायचं?

वाटलं ते कायाकोयला.

खरं म्हणजे कायाकोय शहरांच्या यादीत नव्हतंच. फेतियेहून आठेक किलोमीटरवर टेकडीच्या उतारावर पसरलेलं हे गाव. घरं शेकड्यांनी आहेत, पण छप्पर एकावर नाही. तिकीट काढून आत जायचं. नुसत्या भिंती, चुलीचे कोनाडे, खिडक्यांच्या जागी आभाळाचे चौकोन आणि घराघरांतून उगवलेली अंजिरं. एका घरानं दुसऱ्याचा उजेड अडवू नये अशा बेतानं ती बांधली आहेत, असं गाइड म्हणाला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना इथे आणायला हवं, असं मी मनात टिपून ठेवलं.

इथे ग्रीक ख्रिस्ती लोक राहायचे. गावाचं नाव तेव्हा लेविसी. १९२३ साली लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला, माणसांची अदलाबदल करण्याचा. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती इकडून तिकडे आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडून इकडे, अशी ती गोळाबेरीज. बरेच लोक करारावर सह्या होण्याआधीच युद्धात पळाले होते. करारानं त्यांची परतीची वाट बंद केली. कोण कुठे जाणार हे ठरलं धर्मावरून, भाषेवरून नव्हे. त्यामुळे नुसतं तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये जाऊन पडले आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात. या घरांत मग कोणी टिकून राहिलं नाही; तिकडून आलेल्यांना शेतीची सपाट जमीन हवी होती. उरलंसुरलं १९५७ च्या भूकंपानं पाडलं.

हे सगळं ऐकत असताना मी एका दारात उभा होतो. दार म्हणजे चौकट. मागे निळं आभाळ, उजवीकडे अंजीर. मी कमरेवर हात ठेवून हसलो आणि हिला म्हणालो, “काढ!”

हिनं मोबाइल वर केला आणि खाली घेतला. म्हणाली, “अहो, हसू नका.”

“का? दात दिसतायत?”

“कुणाचं तरी घर आहे ते.”

आता चारचौघांत बायकोनं असं काही बोललं की माणसाला युक्तिवाद सुचतो. मी म्हणालो, मघाशी समाधीच्या पायरीवर तू स्वतः हसलीस. तिथेही कोणी तरी मेलंच होतं. रायगडावरच्या वाड्यांच्या जोत्यांवर शाळेच्या सहली डबे खातात. पडक्या घरापुढे हसायचंच नाही म्हटलं तर जगातली निम्मी प्रेक्षणीय स्थळं बंद करावी लागतील.

“मग किती वर्षांनी हसलेलं चालतं?” हिनं विचारलं.

बँक मॅनेजर मदतीला धावले. मुदतीच्या कायद्याप्रमाणे, म्हणाले, स्थावरावरचा हक्क बारा वर्षांत सांगावा लागतो. इथे तर शंभर उलटली. हिनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पण प्रश्न राहिलाच. एकोणीसशे वर्षांना चालतं. शंभर वर्षांना हसू अडखळतं. आणि माझ्या त्या रद्दीतल्या पुस्तकात आठव्या क्रमांकाला अंताक्या होतं. जुन्या गल्ल्या, मशिदी, चर्चं, खाण्यासाठी दोन दिवस जास्त ठेवा, असा सल्ला. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानं ते शहर उद्ध्वस्त झालं; तुर्कस्तानात त्या भूकंपात पन्नास हजारांवर माणसं गेली. त्या ढिगाऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून कोणी उभं राहिलं तर आपण त्याला माणूस म्हणणार नाही. म्हणजे ढिगारा तोच, अंजीर उगवायला किती वर्षं लागतात एवढाच फरक? आणि सौंदर्य म्हणतात ते त्या ढिगाऱ्यात असतं, की रडणारं माणूस तिथे उरलेलं नसतं म्हणून ते आपल्याला दिसतं? हा विचार मला आवडला नाही. सुट्टीत तर मुळीच नाही.

परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरशेजारी बसलो. त्याला मोडकं इंग्रजी येत होतं, मलाही तेवढंच येत असल्यानं संवाद उत्तम झाला. तुर्की माणूस ओळख झाली की विचारतो, “मेमलेकेत कुठलं?” म्हणजे तुमचा मुलूख कुठला. जन्म इस्तंबूलचा असला तरी उत्तर आजोबांच्या गावाचं. अगदी आपल्यासारखं, तीन पिढ्या गिरगावात काढलेला माणूसही गाव विचारलं की राजापूर सांगतो. मी राजापूर सांगितलं. त्यानं सलानिकजवळचं एक खेडं सांगितलं. सलानिक म्हणजे ग्रीसमधलं थेस्सलोनिकी. (अतातुर्कही तिथलाच, देशाच्या जनकाचं मेमलेकेत परदेशात.) याचे पणजोबा अदलाबदलीत आलेले. हा एकदा ते खेडं पाहून आला होता.

“घर सापडलं?”

“सापडलं. त्यात आता कॅफे आहे. मी कॉफी प्यायलो. पैसे देऊन.”

मी काहीतरी सहानुभूतीचं बोलणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “बरं झालं. छप्पर आहे.”

मग फेतियेपर्यंत तो टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत राहिला.

आता राजापूरचं सांगितलंच आहे तर पुढचंही सांगतो. आमचं घर तिथे आहे. म्हणजे होतं. आम्हाला तिथून कोणी हाकललं नाही, कुठला करार झाला नाही. एकेक जण मुंबईला नोकरीला गेला, गणपतीला यायचा, मग एक वर्ष रजा मिळाली नाही. काकू गेल्यावर कुलूप लागलं. कौलं दुरुस्त करायची कोणी, यावर चार भावांनी अकरा वर्षं पत्रव्यवहार केला आणि बाराव्या पावसाळ्यात छप्परानं स्वतःच निकाल दिला. तेव्हा लेविसीच्या लोकांशी बरोबरी करण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. ते बोटीत बसले तेव्हा त्यांना विचारलं कोणी नव्हतं. आम्ही एसटीत बसलो ते खिडकीच्या जागेसाठी भांडून.

गेल्या मे महिन्यात मी आणि ही तिकडे गेलो. अंगणात एक मोटार उभी. एक तरुण जोडपं, पुण्याचं असावं, पडवीच्या चौकटीत मुलीला उभी करून फोटो काढत होतं. मागे चिऱ्याची भिंत, तिच्यातून उगवलेला पिंपळ. खरं सांगतो, फार छान दिसत होतं. आम्ही राहत होतो तेव्हा ते घर इतकं सुंदर कधीच दिसलं नव्हतं. तेव्हा तिथे वाळत घातलेली लुगडी असायची आणि कोपऱ्यात आजोबांचा खोकला.

मी थबकलो. त्या चौकटीत माझ्या उंचीच्या खुणा असणार, मुंजीच्या वर्षापर्यंतच्या.

“काका,” तो मुलगा अदबीनं म्हणाला, “जरा बाजूला व्हाल का? फ्रेममध्ये येताय.”

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झालो. मुलगी हसत नव्हती, उन्हानं डोळे बारीक करून उभी होती.

“इथून नका घेऊ,” मी म्हणालो. “दुपारी ऊन तोंडावर येतं या दारात. फणसाकडून घ्या.”