वर आल्यानंतरचे तास

मालवणच्या किनाऱ्यावर होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन हादऱ्यांनी सैल होत जातं. क्लॅम्पचे स्क्रू आवळायचे राहतात आणि एखाद्या लाटेच्या धक्क्याला इंजिन तळाशी जातं. मग ओहोटी साधून, दोराला लोखंडी गळ बांधून तळ चाळायचा. सापडलं की एकच जल्लोष!

पण खारं पाणी इंजिनाचं जेवढं नुकसान तळाशी करतं, त्याहून जास्त इंजिन वर आल्यावर होतं. मीठ, ओल आणि मोकळी हवा एकत्र आली की काही तासांतच गंज धरू लागतो. म्हणून दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर जाणता मिस्त्री ते गोड्या पाण्याच्या पिंपात पुन्हा बुडवून ठेवायला सांगतो. एवढ्या खटपटीनं वर काढलेलं परत बुडवायचं! मालकाचा चेहरा तेव्हा बघावा.

सगळ्यांचा हात आधी स्टार्टरच्या दोरीकडे जातो. तिथेच घात होतो. चालू असताना बुडालेल्या इंजिनात पाणी शिरतं, ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. म्हणून आधी प्लग काढून पाणी निथळू द्यायचं, मग फ्लायव्हील हातानं फिरवून बघायचं. अडलं, तर जोर करायचा नाही.

कार्बोरेटर धुतला, तेल बदललं, की त्याच दिवशी इंजिन चालवून तापवायचं. तेल दुधाळ दिसलं तर पुन्हा बदलायचं. आणि होडीला बसवताना क्लॅम्पसोबत एक साखळीही बांधायची.