पदकानंतरचा पैलवान

कोल्हापुरात हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचं नाव निघालं की १९६० चा किताब आठवतो आणि १९६२ चं जाकार्ता आठवतं. त्या आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य मिळवलं. पण शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा हा पैलवान पुढची कित्येक दशकं मोतीबाग तालमीचा वस्ताद म्हणून जगला आणि मला तोच काळ अधिक मोलाचा वाटतो. लढताना पैलवान स्वतःचं शरीर पणाला लावतो. वस्ताद झाल्यावर तो दुसऱ्याचं लावतो, तेही पुष्कळदा मिसरूड न फुटलेल्या पोराचं. आईबापांनी विश्वासानं सोपवलेलं ते शरीर असतं. त्यामुळे जिंकलेल्या माणसाला केवळ जिंकल्यामुळे गुरुपदाचा हक्क मिळतो, हे मला मान्य नाही.

विजेत्या गुरूला सगळ्यात मोठा मोह होतो तो आपली नक्कल घडवण्याचा. मला असं करून यश आलं, तर तूही तसंच कर. या दृष्टीनं जाकार्ताचं सुवर्ण पाहण्यासारखं आहे. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालायचा नाही, पट काढायचा नाही, पायाचा वापर करायचा नाही. लाल मातीत वाढलेल्या मल्लाचे कितीतरी डाव तिथं एका नियमानं बाद होतात. हातातलं एवढं बाजूला ठेवून जो जिंकला, त्याला आपल्या डावांपलीकडेही कुस्ती आहे हे अंगानंच कळलेलं असणार. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आले आणि पुढे मोतीबागेतच वस्ताद झाले. त्यांचे चिरंजीव विनोद हिंदकेसरी झाले. शिकलेल्याला पुन्हा त्याच हौद्यात उतरून शिकवावंसं वाटतं, ही माझ्या लेखी पदकाइतकीच मोठी साक्ष आहे.

यावर तालमीतलाच एखादा जुना माणूस म्हणेल, की कुस्ती लाडानं येत नाही. पहाटे उठून जोर-बैठका मारताना हातपाय भरून येतात, कान चुरगळतात, वस्तादाचा धाक नसेल तर पोरगं आठवड्यात घर गाठेल. खरं आहे. मेहनतीला पर्याय नाही आणि शिस्तीलाही नाही. पण दमलेल्या पोराकडून आणखी पन्नास बैठका काढून घेणं वेगळं आणि त्याला उपाशी ठेवणं, हाणणं, चारचौघांत त्याचा पाणउतारा करणं वेगळं. पहिल्यात पोराची ताकद वाढते, दुसऱ्यात फक्त वस्तादाचा दरारा. आपल्या तालमी या दुसऱ्या गोष्टीपासून सदैव मुक्त होत्या, असा दावा कुणी करू नये.

याहून कठीण आक्षेप रोमानियाचा आहे. १९७६ मध्ये माँट्रियलला १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीनं ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधले पहिले पूर्ण दहा गुण मिळवले, तेव्हा फलकावर १.०० उमटलं, कारण दहाचा आकडा दाखवायची सोयच त्यात नव्हती. त्याच संघाच्या सरावाविषयी तिथल्या गुप्त पोलिसांच्या फायलींत उपासमारीच्या आणि मारहाणीच्या नोंदी सापडल्या. मग काही जण म्हणतात, पदकं तर आली ना? आली. पण त्यांची किंमत मोजली मुलींनी, आणि किती मोजायची हे ठरवलं प्रशिक्षकांनी. चौदा वर्षांच्या मुलीनं मान डोलावली म्हणजे तिची संमती मिळाली, असं धरता येत नाही. नकार देण्याची सोयच जिथं नसते, तिथल्या होकाराला काय अर्थ?

हा प्रश्न आज कोल्हापूरच्या परिसरालाही लागू आहे. दहा-बारा वर्षांची मुलं, आणि आता मुलीही, घर सोडून कुस्ती केंद्रांत राहतात. खुराकासाठी घरचे लोक कर्ज काढतात. भिंतीवर किताब मिळवलेल्यांचे फोटो असतात. गुडघा गेला म्हणून, मान दुखावली म्हणून किंवा नुसतंच मन उडालं म्हणून परतलेल्यांची मात्र कुठं नोंद नसते. प्रत्येक तालमीनं अशी वही ठेवावी: कोण गेलं, का गेलं, पुढे त्याच्या शाळेचं आणि उपचाराचं काय झालं. आणि पोराला दाखल करायला आलेल्या बापानं फोटो पाहण्याआधी ती वही मागावी.