वेगळे अंगण कशासाठी?

आमच्या फडातले एक माळकरी आहेत. त्यांची लेक नोकरीनिमित्त अमेरिकेत असते. परवा एकादशीचे कीर्तन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "बुवा, पोरीचा फोन आला होता. तिथं योगासनांचा एक वर्ग आहे म्हणे, काळ्यासावळ्या लोकांसाठी. गोऱ्यांनी कृपा करून येऊ नये, अशी विनंती असते. आपली पोर तिथं जाते. हे धर्माला धरून आहे का? आपण तर भेद मानत नाही!"

खरे सांगतो, 'चूक आहे' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण विचारले, "आधी कुठं जात होती?" तेव्हा कळले की आधी ती घराजवळच्या मोठ्या वर्गात जात असे. तीस माणसांत सावळी ही एकटीच. वाईट कोणी बोलले नाही. पण हिच्या शेजारी कोणी सतरंजी पसरीना. एके दिवशी एका बाईने तिला झाडलोट करणारी समजून टॉवेल आणायला सांगितले. पोर हसली, टॉवेल आणून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

सज्जनहो, प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, तो इथे कळतो.

योगविद्या त्या देशात आपल्याच माणसांनी नेली. स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोला गेले. त्यांचा 'राजयोग' १८९६ साली छापला गेला. चरित्रकार सांगतात की, दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांना निग्रो समजून हॉटेलांतून परत पाठवले जाई. 'मी हिंदी आहे' एवढे सांगितले असते तर दार उघडले असते. पण दुसऱ्याला खाली ठेवून आपण वर चढायचे, हे स्वामींना मान्य नव्हते. ते गप्प परत फिरत. पुढे १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी हिंदी माणसाला तिथे वस्तीला येणेच बंद झाले. ते दार मोकळेपणाने उघडले १९६५ साली. म्हणजे विद्या घरात आणि विद्येचा माणूस उंबऱ्याबाहेर!

निग्रो लोकांची कथा तर याहून कठीण. मिसिसिपी राज्यात जॅक्सन नावाचे शहर आहे. तिथे पोहण्याचे पाच सार्वजनिक तलाव होते: चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. कोर्टाने सांगितले, असा भेद चालणार नाही. तेव्हा नगरपालिकेने काय करावे? सर्वांना एकत्र पोहू देण्यापेक्षा तलाव चालवणेच सोडून दिले! १९७१ साली वरिष्ठ कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तेही चालू दिले. पाणी नासले तरी चालेल, पण वाटून घेणार नाही, ही ती बुद्धी. अशा देशात ज्याच्या आजोबाला पाण्यातून हाकलले, त्या नातवाने परक्या खोलीत डोळे मिटून निश्चिंत पडावे, हे म्हणणे सोपे. पडणे सोपे नाही.

आणि योगाला तर निश्चिंतपणाच लागतो. पतंजलींनी आठ अंगे सांगितली, त्यांत आसन तिसरे. पहिले अंग यम, आणि यमांतही पहिली अहिंसा. शेजाऱ्याचे मन दुखवून मांडलेले आसन म्हणजे पाया न घालता चढवलेला कळस.

मग वेगळा वर्ग काढावा का? मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला, वेगळे कोणी काढले, बळवंताने की दुखावलेल्याने? दुसरा, त्यामुळे दुसऱ्याच्या ताटातले काय गेले? तिसरा, त्या अंगणाचे दार पुढे कुठे उघडते?

जॅक्सनच्या तलावांना हे प्रश्न लावा. वेगळे काढणारा बळवंत; दुसऱ्याचे पाणीच गेले; दार कुठेच उघडत नाही. आता हा वर्ग पाहा. काढणारे दुखावलेले, गोऱ्यांचे काही गेले नाही, त्यांना बाकीचे वर्ग उघडेच आहेत. १९६४ च्या कायद्याने सार्वजनिक जागी वर्णावरून मज्जाव करता येत नाही. म्हणून ही विनंती आहे, कडी नव्हे. तरीही २०१५ साली सिएटल शहरात अशाच एका वर्गाची विनंती गाजली, धमक्या आल्या आणि वर्ग थांबवावा लागला. निवांत बसायला मागितलेला एक तासही सोसला नाही!

पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या पोरीनेच द्यायचे आहे. आजारी माणसाला वेगळ्या खोलीत निजवतात, ते बरे करून माजघरात आणण्यासाठी. खोलीचीच सवय लागली आणि 'आम्ही निराळे' याचाच अभिमान झाला, तर औषधच रोग होऊन बसते. हा धोका खरा आहे. तो झाकून ठेवणे बरे नाही.

रोझा पार्क्स या बाईंनी १९५५ साली बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायचे नाकारले. पुढे त्या योगासने करीत. १९७३ चे त्यांचे तसे छायाचित्र अमेरिकेच्या ग्रंथालयात जपले आहे. जिने सर्वांसाठी दार उघडले, तिलाही अंग सैल करायला एक जागा लागली. विश्रांती आणि लढा यांचे वैर नाही.

हे सगळे लांबचे म्हणून ऐकू नका. आपला चोखोबा कोणत्या बाजूला उभा होता? पंढरीचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, तेही आपल्याच दारात. आणि त्याआधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते. दुःखाची सोयरीक त्यांना तेव्हाच कळली होती.

मी माळकऱ्यांना म्हटले, "पोरीला सांगा, तिथं जरूर जा. पण तिथं कोणी निग्रो बाई एकटी बसली असेल, तर आपली सतरंजी तिच्याशेजारी पसर. आणि मन घट्ट झालं की त्या पहिल्या वर्गातही एकदा जा." ते जरा थांबले. मग म्हणाले, "आणि बुवा, आपल्या दिंडीत पंगतीला कोण कुणाशेजारी बसतं, तेही बघायला हवं."

मी काय बोलणार? ज्याच्या पायी आपण डोके ठेवतो, तो सावळाच आहे.