शेवटल्या दिवसाची सोबत

पावसाळ्यात रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडास जाऊन पाचनईस उतरणारे प्रवासी कित्येक दिवस भिजत चालतात. शेवटल्या दिवशी ओझे पाण्याने जड झालेले असते, पायांस फोड आलेले असतात, आणि खाली गावाची कौले दिसू लागतात. अशा समयी मागे राहिलेल्या सोबत्याकरिता थांबावे काय? पुष्कळ जण म्हणतील, “आता वाट उघड आहे, तो येईल आपला.” परंतु ज्याचे पाय धड, त्यालाच ती वाट सोपी. थकलेल्यास शेवाळलेला खडक अधिकच निसरडा होतो, आणि ओढा फुगावयास डोंगरावरची एक जोराची सर पुरते. सन १८६५ च्या जुलैच्या १४ व्या तारखेस मॅटरहॉर्न शिखर प्रथम चढलेल्या सात जणांपैकी चौघे मेले, ते उतरताना. थांबणाऱ्यासही थंडी वाजते, हे खरे. पण थांबणाऱ्याचे दुःख घटकाभराचे, आणि मागल्याचा तर जीवच धोक्यात असतो. पहिल्या दिवशी अंगात बळ असते, तेव्हा हात देणे कठीण नसते. घर दिसू लागल्यावर जो मागे वळून पाहतो, वाचकहो, तोच खरा सोबती.