नादी लागणे आणि मैत्री करणे



समजा, आठवीतला एक मुलगा आहे. पुस्तकातून मान वर न काढणारा, चारचौघांत न बोलणारा. आणि पंचविशीतला एक तरुण आहे. बारावीला दोनदा नापास, कधी मंडपवाल्याकडे तर कधी ऑटोवर. पण हातात ढोलकी आली की साऱ्या गायनमंडळाला रंगात आणणारा. मिस्सा संपल्यावर हे दोघे चर्चच्या पायरीवर गप्पा मारत बसतात. आपण लगेच म्हणतो, "पोरगं त्याच्या नादी लागलं!"

ही काळजी खोटी नाही. लहान मुलाशी मोठ्याची मैत्री असेल तर ती आईवडिलांच्या नजरेसमोर असावी. घरी सांगू नको, असे म्हणणारा मित्र नव्हेच. पण आपल्याला खरी भीती कशाची वाटते? मुलगा बिघडेल याची, की त्याचे मार्क कमी होतील याची?

'लातूर पॅटर्न'मुळे मराठवाड्यातली कितीतरी मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण क्लाससाठी लातूर-नांदेडला खोली करून राहणाऱ्या मुलाला 'किती मार्क पडले?' यापलीकडे विचारणारे कोण भेटते? आईबापांची, शिक्षकांची त्याच्याकडून अपेक्षा असते. ढोलकीवाल्याला त्याच्याकडून काहीच नको असते. आपण पहिले आलो नाही तरी कुणाला तरी हवे आहोत, हे मुलाला तिथे कळते. तरुणालाही कळते, की एक लहान जीव आपल्याकडे पाहतो आहे. आता जपून वागायला हवे.

आणि नापासाचा शिक्का म्हणाल, तर नरहर कुरुंदकर इंटरला अनेकदा नापास झाले होते. तेच पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्राने त्यांना विचारवंत म्हणून मान दिला.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता (लूक २:४६). मोठेपणी त्याच येशूला लोकांनी जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र म्हणून नावे ठेवली (लूक ७:३४). ज्ञानाची ओढ आणि माणसांची ओढ एकाच प्रभूच्या ठायी होती. मग त्या दोघांना आपण पायरीवरून का उठवावे?

येत्या रविवारी त्या तरुणाला घरी चहाला बोलवा. त्याची विचारपूस करा. मैत्री घरात आली की आपली भीतीही कमी होते.

प्रभू आपल्या मुलांना चांगले मित्र देवो आणि ते ओळखण्याची दृष्टी आपल्याला देवो. आमेन.