क्रियेवाचून क्रियापद

वाक्यातील इतर पदे वस्तूंची नावे सांगतात, गुण सांगतात, स्थळकाळ सांगतात. परंतु काय घडले आणि ते कोणी घडविले याची जबाबदारी एकटे क्रियापद वाहते, आणि म्हणूनच ज्या वाक्याचे क्रियापद पोकळ असते ते वाक्य, त्यातील बाकीची पदे कितीही भारदस्त असली तरी, साक्षीदारावाचून उभ्या राहिलेल्या खटल्यासारखे निराधार राहते. इंग्रजी लेखनात, विशेषतः कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात, नामालाच क्रियापदाचे काम सांगण्याची जी रीत बोकाळली आहे, तिचा विचार बहुधा शैलीच्या सदरात केला जातो. मला तो सत्याच्या सदरात करावासा वाटतो. कारण जी क्रिया घडलीच नाही, किंवा कोणती घडली हे सांगण्याची लिहिणाराची तयारी नाही, ती घडल्याचा भास वाणीने निर्माण करावा काय, हा प्रश्न व्याकरणाच्या हद्दीत उपजत असला तरी त्याचा निवाडा धर्माच्या हद्दीतच व्हावा लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतील एक वृद्ध विधवा बाई, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अर्जाला आलेले इंग्रजी उत्तर वाचून घेण्यासाठी माझ्याकडे आल्या. पत्र अवघे तीन ओळींचे होते आणि त्याचा सारा भार एका शब्दावर होता. 'ॲक्शन' या नामालाच भूतकाळाचा प्रत्यय जोडून, आपला अर्ज 'ॲक्शन्ड' झाला आहे, एवढेच त्यात कळविले होते. "मग मास्तर, मंजूर झाला म्हणायचा का?" त्यांनी विचारले. मी पत्र पुन्हा वाचले. अर्ज मंजूर झाला असेल, फेटाळला गेला असेल, वरिष्ठांकडे रवाना झाला असेल, किंवा नुसता शेरा मारून दफ्तरी दाखल झाला असेल; चारही अर्थ त्या शब्दात सुखाने मावत होते, आणि म्हणूनच त्यांतला एकही त्यात नव्हता. आयुष्यभर इंग्रजी शिकविलेल्या मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. बाईंनी पत्राची चौपदरी घडी केली, ती बटव्यात ठेवली आणि त्या निमूटपणे उठून गेल्या.

नामाचे क्रियापद होणे हाच मुळात दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या इंग्रजीत प्रेम या अर्थी 'लुफु' आणि प्रेम करणे या अर्थी 'लुफियन' अशी निराळी रूपे होती. पुढच्या काही शतकांत ते अंत्य प्रत्यय झिजत गेले, दोहोंचे मिळून एकच 'लव्ह' उरले, आणि नाम व क्रियापद यांच्या मधली भिंतच त्या भाषेत राहिली नाही. रोपांना पाणी घालणे यासाठी 'वॉटर', खिळा ठोकणे यासाठी 'हॅमर' असे इंग्रज माणूस म्हणतो तेव्हा तो आपल्या भाषेच्या स्वभावाला धरूनच बोलतो. १७८९ च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना लिहिलेल्या पत्रात 'नोटिस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' या नामांना क्रियापद केल्याबद्दल तक्रार केली होती. आज ती तिन्ही क्रियापदे निर्वेधपणे नांदत आहेत. तेव्हा नवेपणा हा गुन्हा ठरत नाही. मग गुन्हा कोणता?

त्याचा शोध घेताना मला आपल्या शास्त्रकारांचा आधार घ्यावासा वाटतो. पाणिनीच्या व्याकरणात नामापासून धातू होतो, त्याला नामधातू म्हणतात. परंतु तो होताना नाम आणि क्रिया यांचा संबंध कोणता, हे सांगणारा प्रत्यय त्याला लागतो. स्वतःसाठी पुत्र इच्छिणे आणि शिष्याला पुत्राप्रमाणे वागविणे हे दोन्ही अर्थ तेथे सूत्रांनी निरनिराळे नोंदविलेले आहेत. क्विप् नावाचा एक प्रत्यय तर असा आहे की तो लागतो आणि संपूर्ण लोप पावतो, तरीही त्याचा 'तसे आचरण करणे' हा अर्थ मागे ठेवून जातो. इंग्रजीत हा अदृश्य प्रत्यय प्रत्येक वेळी वाचकाला तर्काने बसवावा लागतो. 'डस्ट' म्हणजे धूळ. पण टेबल 'डस्ट' केले तर धूळ निघते, आणि केकवर साखर 'डस्ट' केली तर पूड पडते. टेबल आणि केक डोळ्यांपुढे असतात म्हणून तेथे तर्क चुकत नाही. पण जेथे डोळ्यांपुढे काहीच नसते तेथे काय करावे?

येथे मीमांसकांची कसोटी उपयोगी पडते. विधिवाक्याचा अर्थ लावताना ते क्रियापदाला प्रधान मानतात. त्यातून व्यक्त होणाऱ्या व्यापाराला ते भावना म्हणतात, आणि या भावनेला तीन आकांक्षा असतात असे सांगतात: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कोणत्या रीतीने साधायचे. माळ्याने रोपांना 'वॉटर' केले असे म्हटले की ओलावा हे साध्य, पाणी हे साधन आणि शिंपणे ही रीत, असे तिन्ही प्रश्न त्या एका नामाने भागतात. 'हॅमर' म्हणताच हातोडा, घाव आणि बसलेला खिळा एकदम दिसतात. हेच तीन प्रश्न आता त्या पत्रातील क्रियापदाला विचारून पाहावेत: काय केले? कशाने? कसे? तिन्ही वेळा निरुत्तर. याचे कारण असे की 'ॲक्शन' हे मुळात लॅटिनमधील 'करणे' या अर्थाच्या धातूपासून निघालेले भाववाचक नाम आहे. कर्ता, साधन, रीत आणि फल यांना वगळून क्रियेचा जो निव्वळ सामान्य भाव उरतो, त्याचे ते नाव. त्याचे पुन्हा क्रियापद करणे म्हणजे दळलेले पीठ बियाणे म्हणून शेतात पेरणे होय. 'इम्पॅक्ट' हे क्रियापद तसे सतराव्या शतकापासूनचे, आणि घट्ट दाबून बसविणे हा त्याचा जुना अर्थ इतका नेमका की हिरडीत अडकलेल्या दाढेविषयी दंतवैद्य आजही तेच वापरतात. परंतु एखाद्या धोरणाने शेतकऱ्यांना 'इम्पॅक्ट' केले असे लिहिले, म्हणजे ते तरले की बुडाले हे सांगण्याचे ओझे लिहिणाराने खाली ठेवले आणि पुढे चालू लागला.

क्रियापदाविषयीचा हा आग्रह केवळ वैयाकरणांचा नाही. निरुक्तकार यास्काने नामात सत्त्वाचे आणि आख्यातात भावाचे प्राधान्य सांगितले, आणि सर्व नामे धातूंपासूनच निघाली हे शाकटायनाचे मतही त्याने नोंदवून ठेवले. त्या दृष्टीने नाम म्हणजे स्थिरावलेली क्रिया होय. यहुदी धर्मग्रंथांपैकी निर्गमाच्या पुस्तकात, पेटूनही भस्म न होणाऱ्या झुडपातून बोलणाऱ्या ईश्वराला मोशे त्याचे नाव विचारतो, तेव्हा त्याला जे उत्तर मिळते ते 'असणे' या धातूचे प्रथमपुरुषी रूप आहे. इंग्रजीतील 'व्हर्ब' ही संज्ञा ज्या लॅटिन 'वर्बुम'पासून आली, त्याच 'वर्बुम'ने जेरोमच्या लॅटिन बायबलात योहानाच्या शुभवर्तमानातील आदिशब्दाचा निर्देश झाला आहे. इतक्या दूरदूरच्या परंपरांनी ज्या पदाला आणि ज्या संज्ञेला एवढा मान दिला, त्या पदाच्या आसनावर रिकामे नाम आणून बसविणे ही मला केवळ गबाळी लेखनपद्धती वाटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचेही तप सांगितले आहे आणि सत्य हे त्याचे एक अंग आहे. मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला ते तप क्रियापद निवडताना करावे लागते.

बाईंच्या वतीने मी त्या कचेरीला साध्या इंग्रजीत तीनच प्रश्न लिहून पाठविले: अर्ज मंजूर केला आहे काय, नसल्यास का नाही, आणि पुढे अर्जदाराने काय करावे. दीड महिन्याने उत्तर आले. अर्जासोबत एक दाखला जोडलेला नव्हता, म्हणून तो परत पाठविला होता. परत पाठविला: एवढे लिहावयास त्या पहिल्या पत्रातही जागा होती. मी ते वाचून दाखविले तेव्हा बाईंचा चेहरा उतरला, आणि इतके दिवस मनात धरलेली आशा माझ्या तोंडून मोडली याचे मला वाईट वाटले. पण थोड्या वेळाने त्यांनी दाखला कोठे मिळतो, सोबत काय न्यावे लागते, याची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्या मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढत होत्या. 'ॲक्शन्ड' या शब्दाने त्यांना दोन महिने घरी बसवून ठेवले होते. 'परत पाठविला' हे ऐकताच, मन दुखावले असतानाही, पुढे काय करावयाचे ते त्यांना समजले.