आधी विचारा, मग तपासा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा घनसावंगी तालुक्यात कापसाची वेचणी ऐन भरात असते. जांब समर्थच्या आसपासच्या शिवारातही तेच. पहिली-दुसरीतली पोरं सुट्टीभर आईच्या मागोमाग कपाशीत हिंडलेली असतात. वाळक्या बोंडांची टोकं लागून बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे उठलेले. त्याच बोटांत पेन्सिल आली की ‘ळ’ काढताना हात अडखळतो, अंक म्हणताना चौदानंतर थेट सोळा येतात. मग शेरा ठरलेला : ‘सुट्टीत सगळं खाऊन टाकलंस!’

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. सहा वर्षांच्या मुलाची अक्षरं अजून मुरलेली नसतात. हात थांबला की ती पुसट होणारच. गिरवली की परतही येतात, पण धाकाने येत नाहीत. धाकाने येतं ते पोटदुखीचं निमित्त.

समर्थ रामदास याच जांब समर्थ गावात 1608 साली जन्मले. लहानगा नारायण, म्हणजे पुढचे समर्थच, एकदा कुठंच सापडेना, अशी कथा इथं सांगतात. आई राणूबाईंना तो अंधाऱ्या फडताळात बसलेला दिसला. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे : विश्वाची काळजी करतोय! मला मात्र त्याआधीचा आईचा प्रश्न मोठा वाटतो. तिने कान धरला नाही. काय करतोयस, असं विचारलं. सुट्टीवरून आलेल्या किती मुलांना आपण हे विचारतो? वेचणीत काय पाहिलं, बैल कोणाचा, मामाच्या गावी कोण भेटलं, एवढं बोलतं केलं तरी भाषेचा निम्मा तास झाला. बोंडं मोजली की गणितही आलं.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थांनी पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला. अक्षर वाटोळं, मोकळं, ओळी सरळ, आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखं. असं अक्षर घाईने घडत नाही, हे त्यांच्या गावाला वेगळं सांगायला नको.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कामामुळे शाळेपासून तुटणाऱ्या मुलांचा प्रश्न उलटा करून पाहिला. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची. मुलाच्या कामाला त्यांनी गुन्हा मानलं नाही. (अर्थात, म्हणून मुलाला वेचणीला जुंपावं असं मुळीच नाही; आईबापांनी ते ऐकून ठेवावं. शाळा भरण्याआधी दोन-तीन दिवस मूल वेळेवर झोपवलं तरी पुष्कळ.)

शिक्षण हक्क कायदा, 2009 मधलं सतरावं कलम मारण्याला आणि मानसिक छळालाही बंदी घालतं. वर्गासमोर ‘विसरभोळा’ म्हणून उभं करणं त्यातच मोडतं, असं माझं मत आहे. त्याच कायद्याचं चौथं कलम शाळेत दाखलच न झालेल्या किंवा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क देतं.

तेव्हा गुरुजी, बाई, पहिला आठवडा चाचणी नको. गोष्टी, गाणी आणि गिरवणं पुरे. काही मुलं तर दिवाळीनंतर येणारच नाहीत; आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतील आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततील. तोवर पटावरचं त्यांचं नाव कापू नका.